गोळी तीच, कंपनी दुसरी: त्रिमूर्तीनगरच्या ठेल्यावरचा वाद

सुनीलचं म्हणणं एका वाक्याचं होतं. "मेडिकलमधून दुसऱ्या कंपनीची गोळी मिळाली अन् माझी झोप उडाली." त्यावरून रविवारी सकाळी नागपूरच्या त्रिमूर्तीनगरात पोह्याच्या ठेल्याजवळ जो वाद पेटला, तो ऊन डोक्यावर आलं तरी मिटला नाही. नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे दिवस, नुकताच संपला होता, सावली फक्त कडुलिंबाखाली होती, तरी उठायला कोणी तयार नव्हतं. सुनीलला विचारूनच लिहितो आहे. नावं सगळ्यांची बदलली आहेत, कारण या गोळ्यांचं नाव काढलं की आपल्याकडे लोक लगेच मनोरुग्णालयाजवळच्या पागलखाना चौकाकडे बोट दाखवतात, आणि त्या भीतीने माणसं आपला त्रास घरातही सांगत नाहीत.

सुनील काही वर्षांपासून अल्प्राझोलाम, म्हणजे चिंता कमी करणारी गोळी, घेतो. मानसोपचारतज्ज्ञाची चिठ्ठी आहे, रात्रीची एक गोळी आहे. मे महिन्यात त्याला पहाटे धडधडून जाग येऊ लागली, हात थरथरू लागले. मग त्याने गोळ्यांचा पत्ता (स्ट्रिप) नीट पाहिला, तर कंपनी वेगळी.

बंडूभाऊंचं स्वतःचं मेडिकल आहे आणि सुनील त्यांच्याकडूनच गोळ्या नेतो. ते पहिले भडकले.

"सॉल्ट तेच आहे बे! पॉवर तीच आहे. संदेश दवा बाजारात, ठोकवाल्यांकडेच, जुनी कंपनी शॉर्ट होती, दुसरी आणली. कंपनी पाहून झोप येते का कोणाला?"

"पण सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं असतं तर तू घेतली असती?"

गुरुजी गणिताचे निवृत्त शिक्षक, आकड्यांशिवाय बोलत नाहीत. ते बंडूभाऊंच्या बाजूने उतरले. २००८ साली अमेरिकेत झालेला एक प्रयोग त्यांनी सांगितला. लोकांना विजेचे हलके झटके दिले आणि औषध म्हणून नुसती खोटी गोळी दिली. अर्ध्यांना सांगितलं की ही अडीच डॉलरची गोळी आहे, बाकीच्यांना सांगितलं की किंमत उतरून दहा सेंटवर आली आहे. महाग गोळीवाल्यांपैकी ८५ टक्के लोकांचं दुखणं कमी झालं, स्वस्तवाल्यांपैकी ६१ टक्क्यांचं. दोन्ही गोळ्यांत औषध शून्य.

"अन् न्यूझीलंडचं ऐका," गुरुजी म्हणाले. "व्हेनलाफॅक्सिन, नैराश्यावर अन् चिंतेवरही देतात. २०१७ मध्ये सरकारने सगळ्या देशाला एकाच जेनेरिक कंपनीवर आणलं, म्हणजे मूळ कंपनीचं औषध आपल्या नावाने बनवणाऱ्या कंपनीवर. टीव्हीवर अन् पेपरात तक्रारीच्या बातम्या आल्या, अन् त्यानंतर तक्रारींचा आकडा चढला. गोळी तर बातमीच्या आधीही तीच होती न?"

सुनील गप्प झाला. त्याला हे लागलं, ते तोंडावर दिसत होतं. मला गुरुजींचा राग आला, आणि तो का आला ते मी तिथेच बोललो. ब्लडप्रेशरच्या माणसाने कंपनी बदलल्यावर चक्कर येते म्हटलं, तर आपण त्याच्या दंडाला पट्टा बांधून मोजतो. चिंतेच्या आजाराचा माणूस तेच म्हणाला, तर त्याची तक्रारच आजाराचं लक्षण ठरते. त्याचं मोजायला यंत्र नाही, म्हणून त्याचं खोटं, हा कुठला न्याय?

मनीषाताई तोवर ऐकत होत्या. त्या फार्मसी कॉलेजात शिकवतात. त्यांनी गुरुजींचं काही खोडलं नाही. मनाचा परिणाम खरा असतो, म्हणाल्या. पण मग त्यांनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते त्या सकाळची सगळ्यात वजनदार गोष्ट तीच होती.

अमेरिकेत बुप्रोपियॉन नावाचं नैराश्यावरचं औषध आहे, हळूहळू सुटणाऱ्या गोळीत येतं. त्याच्या ३०० मिलीग्रॅमच्या एका जेनेरिकला २००६ मध्ये मान्यता मिळाली. २००७ पासून रुग्णांच्या तक्रारी सुरू झाल्या: कंपनी बदलली, आजार परत आला, डोकं दुखतं, झोप नाही. तिथल्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, २००८ मध्ये कागद तपासून उत्तर दिलं की हा आजारच चढउताराचा आहे, दोष गोळीचा नाही.

"म्हणजे मी म्हणून राहिलो तेच," गुरुजी.

"पुढे ऐका न. मान्यता देताना चाचणी ३०० ची झालीच नव्हती. १५० ची झाली होती, तिच्यावरून ३०० ची धरून घेतली होती. तक्रारी थांबेनात, म्हणून एफडीएने स्वतः चाचणी करवली. २०१२ मध्ये निकाल आला की ती गोळी मूळ औषधाएवढं औषध रक्तात सोडतच नाही. बाजारातून काढावी लागली. पाच वर्षं ज्यांना 'तुमच्या मनाचं आहे' म्हणून परत पाठवलं, ते बरोबर होते."

ठेल्यावर थोडा वेळ कोणी बोललं नाही. मग गुरुजींनी आपला मुद्दा सावरला, आणि तोही रास्त होता. ती गोळी हळू सुटणारी होती, तिथे बनावटीतला फरक मोठा पडतो. सुनीलची साधी गोळी पोटात गेली की विरघळते. एकावरून दुसरीला दोषी धरता येत नाही.

सुनीलने मध्येच विचारलं, "जेनेरिकमध्ये वीस टक्के औषध कमी चालतं म्हणतात, ते खरं आहे का?"

"नाही," मनीषाताई म्हणाल्या, "हे सगळीकडे चुकीचं पसरलं आहे." गोळीत औषध किती भरलं आहे, त्याची मर्यादा वेगळी असते, पुष्कळ गोळ्यांना लेबलच्या ९० ते ११० टक्के. ८० आणि १२५ हे आकडे रक्तातल्या चाचणीचे. निरोगी माणसांना एकदा मूळ गोळी देतात, एकदा नवी. रक्तात औषध किती चढलं आणि एकूण किती पोचलं, त्याचं गुणोत्तर काढतात. नुसती सरासरी नाही, तर तिच्याभोवतीची अनिश्चिततेची सगळी पट्टी ८० ते १२५ च्या आत बसावी लागते. सरासरीच खूप खाली असेल तर ती पट्टी बाहेर जाते आणि गोळी नापास होते. अमेरिकेच्या एफडीएने बारा वर्षांतल्या २,०७० चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा एकूण पोचलेल्या औषधातला सरासरी फरक साधारण साडेतीन टक्के निघाला.

बंडूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "झालं! साडेतीन टक्क्यांनी झोप जाते का?"

"नाही जात बहुतेक. पण दोन गोष्टी आहेत भाऊ. प्रत्येक जेनेरिकची तुलना मूळ औषधाशी होते, मान्यतेसाठी जेनेरिकची जेनेरिकशी करावी लागत नाही. दोन भावांची उंची बापाशी मोजल्यासारखं आहे. एक थोडा बुटका, एक थोडा उंच, दोघंही बापाएवढे ठरले, पण शेजारी उभे करा, फरक दिसेल. अन् दुसरी गोष्ट, हे २,०७० अमेरिकेतले आहेत. आपल्याकडे कितीतरी जुनी औषधं राज्याच्या परवान्यावर अशा चाचणीशिवायच बाजारात आली. २०१७ मध्ये नियम बदलला, पण तोही जी औषधं नीट विरघळत नाहीत त्यांच्यापुरता, अन् नव्या परवान्यांसाठी."

मग सुनील ज्या जुन्या कंपनीसाठी भांडत होता तिचं काय? बंडूभाऊंनीच सांगितलं. "तू जिले ओरिजनल म्हणून राहिला न, ती पण जेनेरिकच आहे. ओरिजनल अमेरिकेतल्या अपजॉनची, १९८१ ची. इथे नाव मोठं, जाहिरात मोठी, डॉक्टरकडे कंपनीचा माणूस, एमआर येतो, म्हणून ब्रँड." हे त्यांचं शंभर टक्के खरं आहे. आपल्याकडे ब्रँड विरुद्ध जेनेरिक म्हणून जे भांडण चालतं, ते बहुतेक वेळा एका जेनेरिकचं दुसऱ्या जेनेरिकशी असतं.

मनीषाताईंनी दोन्ही पत्ते मागून घेतले. एक साधी आणि एक एसआर, म्हणजे हळू सुटणारी, अशी अदलाबदल काउंटरवर होते, आणि तसं झालं असतं तर सगळं लगेच उलगडलं असतं. पण दोन्ही साध्याच होत्या, पॉवरही एकच. मग उन्हाचा विषय निघाला. सुनील पत्ता गाडीच्या डिक्कीत ठेवतो, आणि पाकिटावर तीस अंशांखाली ठेवा लिहिलेलं असतं. मनीषाताई म्हणाल्या, कंपन्या गोळ्या चाळीस अंशांत सहा महिने ठेवून तपासतात, चार दिवसांच्या उन्हाने औषध मरत नाही. पण मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिक्की चाळीसवर थांबत नाही. घरात ठेव, एवढंच त्या म्हणाल्या.

पहाटेच्या जागेबद्दल त्यांनी जे सांगितलं ते सुनीलला नवीन होतं. अल्प्राझोलाम अंगातून लवकर उतरतं, सरासरी अकरा तासांत निम्मं, माणसागणिक कमी-जास्त. काही वर्षं घेतलेल्या माणसाला रात्रीच्या गोळीचा असर ओसरायला लागला की धडधड, थरथर होऊ शकते, आणि ही लक्षणं हुबेहूब मूळ आजारासारखी दिसतात. म्हणजे कंपनी न बदलताही हे घडू शकलं असतं. त्यात सुनीलच्या मुलीच्या अ‍ॅडमिशनचं टेन्शन याच महिन्यातलं.

"मग ठरवायचं कसं?" मी विचारलं.

बंडूभाऊंना रजिस्टर आठवलं. अल्प्राझोलाम शेड्यूल एच-१ या सरकारी यादीत आहे. दुकानदाराला वेगळ्या वहीत डॉक्टरचं, रुग्णाचं, औषधाचं नाव आणि किती गोळ्या दिल्या ते लिहून तीन वर्षं जपावं लागतं. सुनील म्हणाला, पाहाच. बंडूभाऊंनी दुकानातल्या पोराला फोन लावला. पोराने वाचून दाखवलं: मे महिन्यात कंपनी बदलली होतीच, पण डिसेंबरातही एकदा बदलली होती. आणि डिसेंबरात सुनीलला काही झालं नव्हतं.

गुरुजी उठून उभे राहिले. "पाहा! बदलली तरी काही झालं नाही."

सुनील पहिल्यांदा ठाम आवाजात बोलला. "गुरुजी, उलटं आहे. डिसेंबरात मला माहीत पण नव्हतं. मे मध्ये पण मी पत्ता नंतर पाहिला, त्रास आधी झाला. कंपनी पाहून घाबरायला आधी ती दिसायला तर पाहिजे न?"

एकाच वहीतली एकच नोंद, आणि दोघांनी ती आपापल्या बाजूची ठरवली. मला सुनीलचं जास्त पटलं. भीती आधी आणि त्रास मागून, असा क्रम इथे नाहीच. गुरुजी म्हणाले, गोळीचा आकार, पाकिटाचा रंग डोळ्याला न कळत दिसतोच. तेही अशक्य नाही.

मग गुरुजींनी सुचवलं की सुनीलच्या बायकोने दोन्ही कंपन्यांच्या गोळ्या त्याला न दाखवता द्याव्यात आणि रोज झोप लिहावी. मनीषाताईंनी ते तिथेच तोडलं. हे औषध घरच्या प्रयोगाचं नाही. मात्रा मागेपुढे झाली किंवा एकदम बंद झालं तर फिट येण्यापर्यंत जाऊ शकतं. काहीही करायचं ते डॉक्टरला विचारून.

माझं खरं भांडण मात्र बंडूभाऊंशी होतं. चिठ्ठीत लिहिलेल्या औषधाच्या जागी दुसरं देऊ नये, त्यात औषध तेच असलं तरी देऊ नये, असा औषध नियमांतला ६५ वा नियम सांगतो.

"मग अर्धी गिऱ्हाइकं परत पाठवू का?" त्यांचा आवाज चढला. "डॉक्टर जे नाव लिहितात ते त्यांच्या खालच्याच मेडिकलमध्ये मिळते. सरकार म्हणते जेनेरिक द्या. ऑगस्ट २०२३ मध्ये नॅशनल मेडिकल कमिशनने डॉक्टरांना जेनेरिक नाव लिहायला लावलं, त्याच महिन्यात नियम थांबवला. आम्ही कोणाचं ऐकायचं?"

हा त्यांचा त्रास खरा आहे. जेनेरिक स्वस्त असतात आणि गरिबाला औषध परवडणं ही मोठी गोष्ट आहे, हेही मला मान्य आहे. पण चिठ्ठीवर नुसतं औषधाचं नाव आलं की कंपनी निवडायचा हक्क डॉक्टरकडून दुकानदाराकडे जातो. मग निदान तोंडाने सांगावं की भाऊ, या वेळी कंपनी वेगळी आहे. त्याला पैसा लागत नाही. मनाच्या आजारांवरच्या गोळ्यांना तर एकच कंपनी कायम ठेवण्याचा प्रयत्न व्हावा. बंडूभाऊ बराच वेळ कुरकुरले आणि मग म्हणाले, एच-१ च्या गिऱ्हाइकाला सांगत जाईन.

मनीषाताईंनी सुनीलला तक्रार नोंदवायला सांगितलं. गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनचा औषधांच्या त्रासाच्या तक्रारी घेणारा देशभरचा कार्यक्रम आहे, फोन १८००-१८०-३०२४, आणि रुग्णाला स्वतःला भरता येणारा फॉर्म मराठीतही आहे. औषधाचा असर होत नाही, हेही कळवता येतं. आपल्याच जिल्ह्यात कळमेश्वरच्या सरकारी रुग्णालयातल्या अँटिबायोटिकच्या नमुन्यात औषधच नव्हतं, ते नमुना तपासला म्हणूनच बाहेर आलं, असं त्या म्हणाल्या. त्यावर गुरुजीही काही बोलले नाहीत.

फॉर्मला बॅच नंबर हवा होता. सुनीलला बंडूभाऊंनी कापून दिलेला अर्धा पत्ता मिळाला होता, आणि बॅच छापलेला तुकडा दुसऱ्या कोणाकडे गेला होता. बिल घेतलं नव्हतं. वहीत बॅच लिहिलेली नव्हती.

सुनील त्या आठवड्यात डॉक्टरांकडे जाऊन आला. त्यांनी ऐकून घेतलं, जुन्या कंपनीचं नाव चिठ्ठीवर लिहून खाली 'बदलू नये' लिहिलं, आणि ही गोळी इतकी वर्षं चालू आहे तर आता ती अगदी हळूहळू कमी करण्याचा विचार करू, असंही सांगितलं. गुरुजी म्हणतात, आता झोप सुधारली तर कंपनीमुळे की डॉक्टरने ऐकून घेतल्यामुळे, हे कसं कळणार? रिपोर्ट मात्र गेला आहे, बॅच नंबरच्या रकान्यात 'माहीत नाही' लिहून.