पेपर की पुठ्ठा?

अंदमानचं विमान माणशी पंधरा किलो सामान पोटात घेतं, सात किलो हातात. एवढं कळल्यावर बॅग मोजणं आलं. घरच्या वजनकाट्यावर बॅग ठेवली की आकडा बॅगेखालीच गडप होतो. "तू बॅग घेऊन उभी राहा, मग तुझं वजन वजा करू," हा नवऱ्याचा पहिला उपाय. तो मी कोणत्या कारणानं फेटाळला हे सांगायची गरज नाही. दुसरा उपाय म्हणजे कोपऱ्यावरचं रद्दीचं दुकान.

रविवारी सकाळी तिथे अर्धी पेठ असते. शेठनी बॅग काट्यावर चढवली आणि सवयीनं विचारलं, "पेपर की पुठ्ठा?"

"अहो, नुसतं वजन करायचंय."

"एकोणीस किलो चारशे!" रद्दीवाले आकडा खणखणीत आवाजातच सांगतात, नाहीतर गिऱ्हाइकाला संशय येतो. त्यामुळे तो समोरच्या पोळीभाजी केंद्रापर्यंत पोचला.

मागे सुतळीनं बांधलेला गठ्ठा घेऊन एक काका उभे होते. स्वच्छ पांढरा लेंगा, कपाळावर गंध, आणि घरी परतायची कसलीही घाई नाही.

"कुठे दौरा?"

"अंदमान."

"एकोणीस किलो घेऊन? सावरकरांना १९११ साली नेलं तेव्हा त्यांच्याबरोबर काय होतं?"

"काका, त्यांना परतीचं तिकीट नव्हतं," नवरा म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. पन्नास वर्षांची शिक्षा घेऊन निघाले होते ते. तुम्ही?"

"आठवडाभर."

काकांनी गठ्ठा खाली ठेवला. आता हे प्रकरण लांबणार हे मी ओळखलं. पोर्ट ब्लेअर म्हणायचं नाही, २०२४ पासून श्री विजयपुरम. हॅवलॉक नाही, स्वराज द्वीप. नील नाही, शहीद द्वीप. हे सगळं बरोबर होतं आणि त्यातल्या कशानंही बॅगेचं वजन कमी होत नव्हतं. काका स्वतः ऐंशीच्या दशकात मद्रासहून बोटीनं गेले होते. तीन दिवस समुद्र, तिन्ही दिवस उलट्या, आणि सामान म्हणाल तर एक वळकटी. "त्या वळकटीत सगळं होतं," ते म्हणाले. ती वळकटी कुणी भरली होती, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं.

"इथंच काढा की ताई जास्तीचं," शेठ म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्रांच्या थप्पीवर जागा करून दिली. तशी आमची बॅग भर पेठेत उघडली. सर्वांत वर माझा पोहण्याचा पोशाख होता, कोपरापर्यंत बाह्या आणि गुडघ्यापर्यंत पाय असलेला, अगदी सोज्वळ. तरी काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला.

"हे कशाला?"

"समुद्राखाली जायचंय. स्कूबा."

"पैसे देऊन बुडायचं?"

बुडी मारल्यावर निदान अठरा तास विमानात बसायचं नसतं, म्हणून स्कूबा सहलीच्या सुरुवातीलाच. एलिफंट बीचला जंगलातून चालत जायचं, म्हणून बूट. रात्री खारफुटीतून कयाक, म्हणून डोक्याला बांधायची बॅटरी. शिवाय तिथलं घड्याळ आपलंच पण सूर्य पूर्वेकडचा, डिसेंबरात पाचच्या सुमाराला मावळून मोकळा होतो. हा सगळा अभ्यास मी केला होता. नवऱ्यानं 'मस्त, मस्त' म्हटलं होतं.

मग लसणीच्या चटणीची बरणी निघाली आणि काकांना स्फुरण चढलं. "खोबरं! विमानात खोबरं चालत नाही. पेट घेतं." सुक्या खोबऱ्यातल्या तेलामुळे ते विमानात नेऊ देत नाहीत हे खरंच आहे. पण कुटून, लसणीत घोळून, तिखटानं लाल झालेल्या खोबऱ्याला तो नियम लागतो का, यावर रद्दीच्या दुकानात परिसंवाद भरला. शेठच्या मते वास घेऊन ठरवतात. पोळीभाजीवाल्या मावशी रस्ता ओलांडून आल्या, चिमूटभर चाखली आणि मीठ कमी असल्याचं सांगून गेल्या.

शेवटी काकांनी गठ्ठा काट्यावर ठेवला आणि नवऱ्याकडे बघून म्हणाले, "बायकांची बॅग! चालायचंच."

आणि नवरा हसला.

काकांचं मला काही नाही. पण त्या हसण्यावर माझा अजून राग आहे. कारण थप्पीवर मांडलेल्या त्या सामानात माझं असं किती होतं? नी-कॅप नवऱ्याची. ॲसिडिटीच्या गोळ्या नवऱ्याच्या. पाण्यातले बूट मुलाचे आणि त्याच्या बापाचेही, त्यातही बापाचे दहा नंबरचे, म्हणजे किलोभर तेच. सनस्क्रीनची मोठी बाटली सगळ्यांची, कारण 'मला नाही लागत' म्हणणारेच दुसऱ्या दिवशी खांदे सोलून घेतात आणि मग मलाच कोरफड शोधायला लावतात. चटणी सासूबाईंनी दिलेली, लेकाला बाहेरचं जेवण सोसत नाही म्हणून. यातल्या प्रत्येक वस्तूचा मालक वेगळा, फक्त हमाल एकच. आणि या सुटसुटीत प्रवाशाच्या पाठीवर काय, तर एक सॅक, तीत दोन बर्म्युडा आणि वाचून न होणारं एक पुस्तक. नातेवाइकांत त्याचं कौतुक आहे. 'याचं बघा, कसं आटोपशीर असतं!'

घरी आल्यावर मी वाटप केलं. ज्याचं त्याच्या बॅगेत. पॉवर बँक तशीही हातातच न्यावी लागते, तीही देऊन टाकली.

"अगं, सॅकमधली जागा मी मुद्दाम ठेवली होती," नवरा म्हणाला. "येताना ओले कपडे असतात ना."

"कोणाचे?"

तो विचारात पडला. मी सॅक भरून, चेन लावून दारापाशी ठेवली.

काल रात्री झोपताना त्याचा आवाज आला, "माझी नी-कॅप घेतलीस ना?"

"तुझ्या सॅकमध्ये आहे."

खूप वेळ खुडबुड चालली होती. चेन उघडली, लागली, परत उघडली.

"सॅकमध्ये कुठे?"

उठले, दिवा लावला आणि काढून दाखवली.