ऱ्हाईन ओलांडताना दूधगंगा आठवते

मी जर्मनीतल्या केल गावी राहतो आणि रोज कामाला ऱ्हाईनपलीकडे, फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्गला जातो. वाटेत १९६० साली बांधलेला युरोप पूल लागतो. सप्टेंबर २०२४ पासून जर्मन पोलीस पुन्हा तपासणी करतात, म्हणून परतताना कधीकधी रांग लागते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अशाच रांगेतून सुटून घरी पोचलो, तर निपाणीहून मावशीचा फोन. "एसटी बंद हाय बघ. कागलच्या डॉक्टरांकडं आता कसं जाऊ?"

बेळगावात भाषेवरून कर्नाटकच्या कंडक्टरला मारहाण झाली, चित्रदुर्गात आपल्या एसटीच्या चालकाला काळं फासलं आणि गाड्या थांबल्या. कर्नाटकातली निपाणी ते महाराष्ट्रातलं कागल अंतर जेमतेम वीस किलोमीटर, मध्ये दूधगंगेचा पूल.

सीमाप्रश्न खोटा आहे असं मी कधीच म्हणणार नाही. ८६५ गावांवरचा आपला दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. मावशीला शेताचा उतारा कन्नडमध्ये मिळतो, तो तिला वाचता येत नाही. स्ट्रासबुर्ग ज्यात येतं त्या अल्सास प्रांताने १८७१ ते १९४५ या काळात चार वेळा देश बदलला. दुसऱ्या महायुद्धानंतर शाळांनी तिथल्या मुलांची अल्सेशियन बोली बंद पाडली. माझ्या ऑफिसातल्या एका वयस्कर बाईंना ती येते, त्यांच्या नातवंडांना येत नाही. सीमाभागातल्या माणसाला नेमकी हीच भीती आहे, आणि ती रास्त आहे.

पण केल गाव युद्धानंतर फ्रेंचांच्या ताब्यात होतं, जर्मनांना ते पूर्ण परत मिळालं १९५३ मध्ये. त्यानंतर सातच वर्षांत हा पूल झाला. जखमा ओल्या होत्या, तरी झाला. २०२० मध्ये कोरोनामुळे हद्द बंद झाली, तेव्हा ती उघडा म्हणून दोन्ही काठांवरचे लोकप्रतिनिधी मागे लागले होते. आपल्याकडे डिसेंबर २०२२ मध्येही बस थांबल्या होत्या. त्या लगेच सुरू करा, चालक-कंडक्टरला हात लावू नका, असं कोल्हापूर आणि बेळगावच्या पुढाऱ्यांनी एका व्यासपीठावरून सांगायला हवं होतं. खटला लढवावा, मराठीत कागदपत्रं मागावीत, त्यासाठी मोर्चेही काढावेत. बस मात्र सोडावी. ती अडवली की त्रास होतो तो सीमेवरच्या मराठी माणसालाच.

चौथ्या दिवशी मावशी शेजारच्या पोराच्या मोटारसायकलवर मागे बसून कागलला गेली. तिचं वय अठ्ठ्याहत्तर.