गाजर, गुरुवार आणि शुद्ध पाणी

आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला तीस वर्षं फडकं बांधलेलं होतं. आईच्या विरलेल्या सुती साडीचा तो तुकडा. दर रविवारी ती तो सोडायची, धुवायची आणि उलटा करून परत बांधायची. जलशुद्धीकरणाची आमची एवढीच यंत्रणा. तिला वीज लागत नसे आणि वार्षिक देखभालीचा करारही नव्हता.

घात झाला तो एका रविवारी, सोसायटीच्या पार्किंगमध्ये. टाय लावलेल्या एका मुलाने तिथे टेबल मांडलं. काचेचे दोन पेले ठेवले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हींत सळयांची एकेक जोडी बुडवून त्याने बटण दाबलं. बघता बघता आमचं पाणी पिवळट झालं, मग तपकिरी, आणि शेवटी त्यावर असा काही गाळ तरंगायला लागला की पहिल्या मजल्यावरच्या काकू तोंडाला पदर लावून मागे सरकल्या. मशीनचं पाणी मात्र जसंच्या तसं नितळ.

"मॅडम, हे पाणी तुम्ही मुलांना देता," तो मुलगा अत्यंत दुःखी आवाजात म्हणाला.

या वाक्यापुढे जगातल्या कुठल्याही नवऱ्याचं काही चालत नाही. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मी पाकीट काढलं.

संध्याकाळी बारावी सायन्सला असलेल्या चिरंजीवांनी मान वर न करता सांगितलं, "बाबा, तो रंग पाण्यातला नव्हता. लोखंडाच्या सळईचा होता. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळई विरघळते. त्याच्या पाण्यात क्षारच नाहीत. चिमूटभर मीठ टाकलं असतंत तर तेही तसंच झालं असतं." दोन वर्षं क्लासची फी भरल्यावर पोराच्या तोंडून हे पहिलं उपयोगी वाक्य आलं होतं, तेही पैसे देऊन झाल्यावर.

बुधवारी संध्याकाळी मशीन बसवायला दुसराच एक मुलगा आला. 'फिटिंग फ्री' म्हणजे काय, ते त्याने दारातच स्पष्ट केलं. भिंतीला भोकं पाडून मशीन टांगणं फ्री. नळाचं काम आपलं. "पण मी करून देतो सर. दहा मिनिटांचं काम आहे."

आधी त्याने क्षार मोजायचं पेनासारखं एक मीटर काढून नळाच्या पाण्यात बुडवलं. आकडा आला ६८. "पाणी चांगलंय तुमचं," तो बोलून गेला आणि लगेच जीभ चावली. खडकवासल्याचं पाणी मुळातच हलकं, त्यात क्षार असे नाहीतच. पडद्यातून क्षार गाळणारं असलं आरओ मशीन खरं तर बोअरच्या नाहीतर टँकरच्या जड पाण्यासाठी. पण मशीन खोक्यातून बाहेर आलेलं होतं, आणि खोक्यातून बाहेर आलेली वस्तू परत घेतात हे मी तरी कधी पाहिलेलं नाही.

मग त्याने नळ सोडून धार पाहिली. "सर, प्रेशर नाहीये."

आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर राहतो. टाकी आमच्या बरोब्बर डोक्यावर. त्यामुळे पाण्याचा पहिला मान आपलाच, असं मी तीस वर्षं समजत होतो. त्याने माझा गैरसमज दूर केला. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब मिळतो. आमच्या नळापासून टाकी जेमतेम तीन मीटर वर, म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांना आमच्याहून चांगली धार. "मशीनला जेमतेम पुरेल," असं म्हणत त्याने पान्याने नळ धरला. नळ काढायचा, मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड, घालायची, नळ परत बसवायचा आणि टीला पाव इंची पांढरी नळी जोडायची. बस्स.

पाना फिरला. भिंतीतून 'कट्' असा आवाज आला. इतका सौम्य, की कुणीतरी सुपारी कातरली असं वाटावं.

नळ त्याच्या हातात आला, त्याला भिंतीतल्या पाइपशी जोडणाऱ्या अर्ध्या निपलसकट. उरलेलं अर्धं निपल भिंतीतल्या एल्बोमध्येच राहिलं. आणि ज्या पाण्याला प्रेशर नव्हतं, ते ओटा ओलांडून थेट समोरच्या फ्रिजवर जाऊन आपटलं. मध्ये तो उभा होता. दाबाबद्दलचं आपलं मत त्याने तिथल्या तिथे बदललं असावं.

मी गच्चीकडे धावलो. टाकीखाली चार गेट व्हॉल्व्ह, चारही चाकांना एकच लाल रंग. सेक्रेटरींना फोन लावला. "तुमच्या किचनचा उजवीकडून दुसरा," ते म्हणाले आणि जरा थांबून पुढे म्हणाले, "पण उजवीकडून म्हणजे कुठे उभं राहून, ते मला आठवत नाही." मी पहिला बंद केला. खालून बाथरूमच्या खिडकीतून पुरुषी आवाजात एक ओरडा आला, त्यात 'साबण' हा शब्द स्पष्ट होता. घाईघाईने तो उघडला आणि दुसरा धरला. त्याचं चाक फिरायला लागलं आणि फिरतच राहिलं. दहा वेढे, वीस वेढे. ना घट्ट, ना सैल. आतला दांडा कधीचा तुटलेला होता. अर्थातच, आमचा व्हॉल्व्ह तोच होता.

खाली आलो तेव्हा तो मुलगा भोकात अंगठा घालून उभा होता आणि दुसऱ्या हाताने ऑफिसला फोन लावत होता. बायको जमतील तेवढ्या चादरी जमिनीवर टाकत होती. चिरंजीव व्हिडिओ काढत होते.

या गडबडीत आई शांतपणे आतून आली. १९६१ साली पानशेत फुटलं तेव्हा ती चौदा वर्षांची होती. एवढ्याशा धारेने ती गडबडणार नव्हती. तिने फ्रिज उघडला, भाजीचा कप्पा ओढला आणि गाजरं पाहायला लागली. एक जाड म्हणून ठेवून दिलं, एक वाकडं म्हणून ठेवून दिलं. तिसरं छान सरळ आणि निमुळतं निघालं. नळाचं सुटलेलं फडकं तिने त्याला गुंडाळलं, "बाळ, अंगठा काढ," म्हणाली आणि गाजर भिंतीत पिळून बसवलं. धार थांबली. नुसती टिपटिप राहिली.

"हलव्याला आणली होती," एवढंच म्हणून ती आत गेली.

आठ वाजता प्लंबर मामा आले. या इमारतीचे निम्मे नळ त्यांच्या हातचे. त्यांनी कमरेवर हात ठेवून गाजराकडे बराच वेळ पाहिलं.

"ह्ये कुनी बसवलं?"

"आईने."

"बेस बसलंय. ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण..."

"सायेब, व्हॉल्व्ह गेलाय. आत्ता ह्ये काढलं तर टाकी सगळी तुमच्या किचनात. उद्या वार कंचा?"

गुरुवार! पुणेकराला याहून जास्त सांगावं लागत नाही. देखभाल-दुरुस्तीच्या कामासाठी गुरुवारी पाणी बंद आणि शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने, हे वाक्य आम्हाला शुभंकरोतीसारखं पाठ असतं. गुरुवारी दुपारपर्यंत टाकी आपोआप रिकामी होणार, मग काय ते काम. आजवर ज्या गुरुवारला मी शिव्या घातल्या, त्याची त्या रात्री मी वाट पाहत होतो.

रात्रभर गाजर भिंतीत. घरात जो तो पाणी प्यायला उठला, तो आधी त्याला बघून आला. अडीच वाजता बायकोने अंधारात विचारलं, "कसं आहे?" मी म्हटलं, "स्थिर आहे."

दुसऱ्या दिवशी मामांनी कानशीचं टोक तुटक्या निपलात ठोकलं आणि पान्याने पिळून ते बाहेर काढलं. गंजून त्याची पार जाळी झाली होती. "हे आज ना उद्या जाणारच हुतं," ते म्हणाले. प्लंबर आणि डॉक्टर हे वाक्य नेहमी काम झाल्यावरच म्हणतात. नवं निपल सुतळी-सफेद्याने बसलं, गच्चीवरचा व्हॉल्व्हही बदलला. या सगळ्यात भिंतीची एक टाइल गेली. १९९४ सालच्या त्या फिकट निळ्या टाइलचं नाव काढताच दुकानदार हसला. त्यामुळे आता आमच्या सिंकवर निळ्या रांगेत मधोमध जांभळ्या द्राक्षांचा घोस आहे. मामांचे, व्हॉल्व्हचे आणि टाइलचे पैसे धरून फ्री फिटिंग केवढ्याला पडलं, ते मी बायकोला अजून सांगितलेलं नाही.

शुक्रवारी तो मुलगा परत आला. भिंतीपासून हातभर लांब राहूनच त्याने सगळी जोडणी केली. मशीन सुरू झालं. पहिली टाकी ओतून द्यायची असते, ती दिली. गुरुवारनंतरचं पाणी गढूळ येतंच, त्यामुळे बाहेरच्या फिल्टरमधली सुताच्या रिळासारखी पांढरी कांडी तासाभरात चहाच्या रंगाची झाली.

"बघा!" बायको म्हणाली.

"माझंही फडकं शुक्रवारी असंच व्हायचं," आई म्हणाली.

मीटर बुडवलं. आकडा ९. मुलाचा चेहरा उजळला. आईने घोटभर पाणी तोंडात घोळवलं आणि म्हणाली, "याला पाण्याची चव नाही." त्यावर त्याने मशीनचं झाकण काढून आतला एक स्क्रू पिळला आणि परत मोजलं. आता ४५.

"काय केलंस?"

"थोडं मूळ पाणी मिक्स केलं, आजी. टेस्टसाठी."

म्हणजे नळाचं पाणी आधी पंपाने दाबून पडद्यातून काढायचं आणि मग चवीपुरतं नळाचं पाणी त्यात परत घालायचं. मीठ घालतात तसं. समोरच्या फ्लॅटमधले काका एवढ्यात डोकावून सांगून गेले की क्षार ५०० च्या आत असतील तिथे आरओ वापरण्यावर बंदी आणा, असं हरित लवादाने २०१९ सालीच सरकारला सांगितलंय. हे त्यांना रविवारी पार्किंगमध्येही माहीत असणार. तेव्हा तेही रांगेत होते, माझ्यामागे.

जाताना त्याने मशीनच्या मागची काळी नळी सिंकमध्ये सोडली. "हे काय?" आईने विचारलं. वाया जाणारं पाणी. एक लिटर शुद्ध होताना तीनेक लिटर त्यातून जातं. आईने त्याच्याकडे असं पाहिलं की तो पैसे न मोजताच निघाला. मग तिने नळी सिंकमधून काढून बादलीत सोडली.

त्या दिवसापासून घराचा कारभार बादलीवर चालतो. फरशी, कुंड्या, गॅलरी, माझी स्कूटर, सगळं त्याच पाण्याने. बादली भरली की ती कुणी उचलायची यावरून भांडण, आणि नाही भरली की आईची कुरकुर. मशीन आपली टाकी भरली की थांबतं, त्यामुळे टाकीतलं पाणी संपल्याशिवाय बादलीत थेंब पडत नाही. आज सकाळी कामाच्या बाई फडकं घेऊन उभ्या होत्या आणि बादली अर्धीच. आईने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अरे, फरशी पुसायचीय! सगळ्यांनी दोन-दोन पेले पाणी प्या बघू पटकन!"