लोंबणारी कातडी कापू नका

म्हाताऱ्या रुग्णाची कातडी सोलवटली तर काय करावं, याचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. लोंबणारा पापुद्रा कात्रीने कापा, हायड्रोजन पेरॉक्साइडने पुसा, जखम उघडी ठेवून वाळवा. वर हेही, की वय झालं, हे व्हायचंच. मी रोज अशाच रुग्णांची सेवा करते, म्हणून कळकळीने सांगते, यातलं काही ऐकू नका.

पापुद्रा कापणं सगळ्यात वाईट. कडेला गोळा झालेला तो पातळ तुकडा मेलेला वाटतो, पण त्या जखमेला त्याच्याइतकं चांगलं झाकण नाही. आधी स्वच्छ गॉझ हलका दाबून रक्त थांबवायचं, सलाईनने, म्हणजे निर्जंतुक मिठाच्या पाण्याने, धुवायचं. मग सलाईनमध्ये भिजवलेला गॉझ पाच-दहा मिनिटं ठेवला की पापुद्रा मऊ पडतो. ओल्या बोळ्याने तो हलके हलके उलगडत जागेवर आणायचा. जिथवर येईल तिथवरच, ताणायचा नाही. वर सिलिकॉनचं ड्रेसिंग, आणि त्यावर पेनाने बाण काढायचा, पापुद्रा जिथे जोडलेला आहे तिथून सुट्या टोकाकडे. ड्रेसिंग त्याच दिशेने काढायचं. बाण नसला तर पुढच्या ड्यूटीची सिस्टर उलटं ओढते आणि बसलेली कातडी पुन्हा उचलली जाते. पापुद्रा काळपट पडला, पू आला किंवा रक्त थांबेना तर डॉक्टरांना दाखवा.

पेरॉक्साइडचा फेस बघून जखम साफ होतेय असं वाटतं. पण ते जखम भरणाऱ्या पेशींनाही मारतं. सलाईन पुरे.

आता वाळवण्याचं. 1962 मध्ये जॉर्ज विंटर या संशोधकांनी डुकरांच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. झाकून ओलसर ठेवलेल्या जखमांवर नवी कातडी उघड्या जखमांच्या जवळपास दुप्पट वेगाने आली. कोरड्या खपलीखालून पेशींना वाट काढावी लागते, त्यात वेळ जातो. ओलसर म्हणजे चिंब मात्र नव्हे.

आणि ‘व्हायचंच’ हे तर मुळीच नाही. वयाबरोबर कातडीच्या दोन थरांमधल्या एकमेकांत अडकलेल्या खाचा सपाट होतात, म्हणून जराशा घासण्याने वरचा थर सुटतो. म्हणजे घासणं टाळायचं. दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर, हातपायांना सैल बाह्या, आपली नखं कापलेली, हातात अंगठी-बांगडी नको. शिरेत लावलेल्या सलाईनच्या नळीची चिकटपट्टी एका हाताने कातडी धरून, केसांच्या दिशेने, सावकाश काढायची. आणि कुशीवर वळवताना रुग्णाचं मनगट ओढायचं नाही. खाली आडवी घातलेली चादर दोघांनी धरून उचलायची.