स्वतंत्र व्हा, पण साडेनऊला या

अभिनंदन! कालपर्यंत तुम्ही नोकर होतात, आजपासून कन्सल्टंट झालात. खुर्ची तीच, लॅपटॉप कंपनीचाच, साडेनऊची हजेरीही तशीच. फक्त पीएफ गेला, ग्रॅच्युइटी गेली आणि पगाराला आता ‘फी’ म्हणायचं. करारात ‘स्वतंत्र’ हा शब्द दर परिच्छेदात आहे. मोजत बसू नका, सही करा.

काय काम करायचं एवढंच नव्हे, तर ते कसं करायचं हेही मालकच ठरवत असेल तर तो माणूस कामगार, ही कसोटी सुप्रीम कोर्टाने धारंगध्रा केमिकलच्या खटल्यात मिठागरातल्या आगरियांना कधीच लावून ठेवली आहे. हे एचआरला ऐकवायला जाऊ नका. करार मार्चमध्ये रिन्यू व्हायचाय.

फीमधून १० टक्के टीडीएस कापला जाईल. तो तुमच्या नावावरच्या कराच्या सरकारी नोंदीत दिसला नाही तर अकाउंट्सला फोन करा. ‘कापलाय सर, भरायचा राहिलाय,’ असं सांगतील. या उत्तराने तुमचं समाधान व्हावं अशी त्यांची अपेक्षा असते.

पण खर्च वजा करता येतो हो! नोकरदाराला नव्या करप्रणालीत ७५,००० रुपयांची ठोक वजावट. तुमच्यापुढे अख्खा संसार पडलाय. १९६१च्या कायद्यातलं कलम ३७(१) एवढंच म्हणतं, की खर्च ‘संपूर्णपणे आणि केवळ’ व्यवसायासाठी झालेला हवा. यातल्या ‘केवळ’कडे कानाडोळा केला की सगळं सोपं आहे. घरून काम करता ना? मग घर म्हणजे ऑफिस, सोफा म्हणजे ऑफिसचं फर्निचर आणि सोफ्यावर बसलेल्या सासूबाई रिसेप्शनला. मुलीच्या बारशाला एक जुना क्लायंट येऊन जेवून गेला होता, तेव्हा बारसं बिझनेस प्रमोशनमध्ये टाका. स्वतःचा लॅपटॉप घेतलात तर मात्र सगळी किंमत एका वर्षात खर्ची पडत नाही, ४० टक्के घसारा मिळतो. तोही वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर असेल तर निम्माच. म्हणून खरेदी ३० मार्चलाच करावी, सेल तेव्हाच असतो.

बिलं चपलांच्या खोक्यात ठेवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडून जाते आणि हाती पांढराशुभ्र कागद उरतो. त्यावर हवा तो खर्च आठवावा. माझ्या खोक्यात असे बरेच कागद आहेत. एक बहुधा प्रिंटरचा असावा, सीएच्या मते तो पावभाजीचा आहे.

एवढा खटाटोप नको असेल तर त्याच १९६१च्या कायद्यातलं कलम ४४एडीए आहे. वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) असली, तर निम्मी रक्कम उत्पन्न धरा, उरलेली निम्मी खर्चात गेली असं सरकारच मानतं. इतका विश्वास घरातही कुणी कधी दाखवला नव्हता. ही सोय ठरावीक व्यवसायांनाच आहे. यादीत आपला व्यवसाय सापडला नाही तर स्वतःला ‘तांत्रिक सल्लागार’ म्हणवून घ्या. तंत्र कोणतं ते नोटीस आल्यावर ठरवू. या मार्गात आगाऊ कर एकरकमी १५ मार्चपर्यंत भरायचा असतो, म्हणजे १६ तारखेला आठवतो. आणि ही कलमं पाठ करायच्या फंदात पडू नका. २०२५चा नवा कायदा १ एप्रिल २०२६पासून लागू झालाय, कलमांचे आकडे बदललेत.

शेवटच्या रात्री रिटर्न भरून झालं की सीए आपलं बिल पाठवतील. जाड कागद, ठसठशीत शाई, जीएसटीसकट. वर्षभरातला हा एकमेव खर्च, जो खरोखर संपूर्णपणे आणि केवळ व्यवसायासाठी झाला. पण तुम्ही निम्म्याचा मार्ग घेतलाय ना? मग वेगळा खर्च दाखवता येत नाही. टाका खोक्यात.