पैसा ओतला की नकाशा तयार होतो का?

‘उपग्रहांची छायाचित्रे हाताशी आहेत, कंपन्यांच्या तिजोऱ्या भरलेल्या आहेत, तरीही नकाशे चुकत असतील तर ती निव्वळ बेफिकिरी,’ असा दावा अनेक जण पुढे पाठवतात. तो तपासून पाहायला हवा.

छायाचित्रात रस्ता दिसतो. पण तो एकेरी आहे का, फाटक रात्री बंद होते का आणि वस्तीला लोक कोणत्या नावाने ओळखतात, हे त्यात दिसत नाही. त्यासाठी रस्त्यावर उतरावे लागते आणि तिथे केवळ तंत्रज्ञान पुरत नाही. रस्त्यावरून टिपलेली छायाचित्रे नकाशात दाखवणारी गूगलची स्ट्रीट व्ह्यू सेवा अमेरिकेत २००७ मध्ये सुरू झाली. भारतात मात्र २०११ मध्ये बंगळुरू पोलिसांनी तिचे चित्रीकरण थांबवले आणि पुणे, नाशिकसह दहा शहरांत ती यायला २०२२ उजाडले.

‘मग अधिकृत माहिती घ्यावी,’ असे म्हटले जाते. ॲपलने सप्टेंबर २०१२ मध्ये स्वतःचे नकाशे आणले, तेव्हा ऑस्ट्रेलियातील मिल्ड्युरा हे शहर त्यांत मूळ जागेपासून सुमारे ७० किलोमीटर दूर, मरे-सनसेट राष्ट्रीय उद्यानात दाखवले गेले. पारा ४६ अंशांपर्यंत चढणाऱ्या त्या निर्जल भागात काही वाहनचालक अडकले, त्यांपैकी काही तर चोवीस तासांपर्यंत, आणि डिसेंबरमध्ये व्हिक्टोरिया पोलिसांना जाहीर इशारा द्यावा लागला. त्या देशाच्या अधिकृत स्थळकोशातच (ठिकाणांची नावे आणि जागा यांच्या यादीतच) मिल्ड्युरा नावाच्या दोन नोंदी होत्या : एक शहराची, दुसरी त्याच नावाच्या विस्तीर्ण प्रशासकीय क्षेत्राच्या मध्यबिंदूची. दोन्ही आपापल्या जागी बरोबर होत्या. त्यांतली वाहनचालकाला हवी असलेली कोणती, हे ठरवण्यात चूक झाली.

राहिला पैशाचा मुद्दा. ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी सप्टेंबर २०१२ मध्येच या नकाशांबद्दल जाहीर माफी मागितली, पैशाचीही ददात नव्हती. तरी स्वतः गोळा केलेल्या माहितीवर नकाशे नव्याने उभारत असल्याचे कंपनीने २०१८ मध्ये सांगितले आणि अमेरिकेपुरते ते काम पूर्ण व्हायला जानेवारी २०२० लागला.

बेफिकिरीचा आरोप माझ्या मते एका ठिकाणी खरा ठरतो, तो म्हणजे तक्रार आल्यानंतरच्या दिरंगाईबाबत. सप्टेंबर २०१३ मध्ये अलास्कातील फेअरबँक्स विमानतळावर ॲपलच्या नकाशाच्या भरवशावर एक वाहनचालक थेट धावपट्टी ओलांडून गेला. विमानतळाने तक्रार केली, तरी दोन आठवड्यांनी दुसऱ्याची गाडी त्याच मार्गाने शिरली आणि अखेर विमानतळालाच तो रस्ता अडथळे लावून बंद करावा लागला.