लसीच्या तासभर आधी डंबेल मारल्याने अँटिबॉडी दुप्पट होत नाहीत

पावसाळा तोंडावर आला की फ्लूच्या लसीबद्दल एक संदेश हमखास फिरतो. लस घेण्याच्या तासभर आधी, ज्या हाताला टोचणार त्याच हाताने जड डंबेल मारा, अँटिबॉडी दुप्पट होतील. टोचल्यावर दोन दिवस हात हलवू नका, नाहीतर लस ‘उतरते’. आणि रोज जिमला जाणाऱ्याला लसीची गरजच नाही. यातले पहिले वाक्य अर्धवट वाचनातून आले आहे, उरलेली दोन साफ चुकीची आहेत.

‘तासभर आधी डंबेल, अँटिबॉडी दुप्पट’

याचे मूळ बर्मिंगहॅम विद्यापीठातल्या 2007 च्या प्रयोगात आहे. तिथे तरुण निरोगी लोकांकडून खांद्याच्या आणि दंडाच्या स्नायूंचा व्यायाम करून घेतला, तोही वजन सावकाश खाली सोडण्याचा. अशा वेळी स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्याचे तंतू किंचित दुखावतात आणि तिथे सूज येते. त्या सुजेमुळे रोगप्रतिकारक पेशी जमतील आणि लसीची खबर काखेतल्या लसिका ग्रंथींपर्यंत (लिम्फ नोड, जिथे अँटिबॉडी तयार व्हायला सुरुवात होते) लवकर पोचेल, असा तर्क होता. लस दिली ती 6 तासांनी, तासाभराने नव्हे. अँटिबॉडी वाढल्या त्या स्त्रियांमध्ये. पुरुषांमध्ये रोगप्रतिकारक पेशींचा प्रतिसाद वाढला, अँटिबॉडी नाहीत. ‘सगळ्यांना दुप्पट’ हे कुठून आले, ते संदेश लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

पुढे त्याच गटाने व्यायाम आणि लस यांतले अंतर बदलून प्रयोग केला, तेव्हा फायदा दिसला नाही. लसीआधी 45 मिनिटे झपझप चालण्याच्या प्रयोगातही अँटिबॉडीत फरक पडला नाही. निरोगी तरुणाचा प्रतिसाद मुळातच चांगला असतो, त्यामुळे वाढायला फारशी जागा उरत नाही, हे त्याचे पटण्यासारखे कारण.

सवय नसताना मेच्या दमट उकाड्यात जड वजने उचलण्याचे तोटे मात्र नक्की आहेत. घाम गाळून, उपाशीपोटी केंद्रावर गेलेला माणूस सुईनंतर चक्कर येऊन पडू शकतो. शिवाय स्नायूंची दुखी 24 ते 72 तासांत चढते, आणि लसीच्या जागेची दुखीही त्याच सुमारास असते. मग कशाने काय दुखते ते कळत नाही, आणि दोष लसीवर जातो.

‘दोन दिवस हात हलवू नका’

0.5 मिलिलिटर लस स्नायूत गेली की हात हलवल्याने ती बाहेर येत नाही. उलट हात नेहमीसारखा वापरला तर आखडणे कमी होते. टोचलेली जागा चोळू नका, एवढे पुरे. आयोवा स्टेट विद्यापीठाच्या 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तर लस घेतल्यावर लगेच 90 मिनिटे सायकल किंवा चालणे, नाडी 120 ते 140 च्या दरम्यान, असे केलेल्यांच्या अँटिबॉडी चार आठवड्यांनी जास्त आढळल्या. 45 मिनिटांच्या व्यायामाने तो परिणाम मिळाला नाही. सहभागी थोडे होते, म्हणून हा नियम मानू नये. पण हालचालीने लस वाया जाते, या समजुतीला त्यात जागा नाही.

‘जिमवाल्याला लस नको’

व्यायामाने फ्लूच्या विशिष्ट विषाणूविरुद्ध अँटिबॉडी तयार होत नाहीत. त्यासाठी विषाणूचा अंश शरीराला दिसावा लागतो, आणि विषाणू बदलत राहतो म्हणून लसही दरवर्षी.

नियमित व्यायामाचा खरा उपयोग वेगळाच आहे, आणि तो वयस्करांना अधिक. इलिनॉय विद्यापीठाच्या 2009 च्या अभ्यासात 144 बैठ्या ज्येष्ठांपैकी एका गटाने 10 महिने, आठवड्यातून तीन दिवस, दम लागेल असा व्यायाम केला. दुसऱ्या गटाने फक्त अंग ताणण्याचे आणि तोल सांभाळण्याचे व्यायाम. लसीनंतरचा सुरुवातीचा प्रतिसाद जवळपास सारखाच होता. पण 24 आठवड्यांनंतर पुरेसे संरक्षण टिकलेले लोक पहिल्या गटात जास्त होते. गोव्यासाठी हे फार मोलाचे आहे. मेच्या मध्यावर घेतलेल्या लसीला 24 आठवडे होतात ते ऑक्टोबरच्या अखेरीस, म्हणजे अख्खा पावसाळा त्यात येतो. मात्र हिशेब मागे मोजा: त्या अभ्यासात लस दिली ती व्यायाम सुरू होऊन सुमारे चार महिने झाल्यावर, म्हणजे मेमधल्या लसीसाठी चालायला जानेवारीत लागायचे आणि लसीनंतरही चालू ठेवायचे. मिरामारच्या किनाऱ्यावर पाऊस कोसळत असेल तर घरातल्या ओसरीत चाला, पण थांबू नका.

लसीच्या दिवशी

आदल्या रात्री नीट झोपा. झोप तोडलेल्यांत लसीचा प्रतिसाद मंदावलेला आढळला आहे. जेवून, पाणी पिऊन जा. बाही सैल असू द्या, हात ढिला सोडा. सुई खांद्याच्या हाडाच्या टोकापासून दोन-तीन बोटे खाली, काटकोनात जाते. त्याहून वर टोचली तर खांद्याचा सांधा महिनोन्‌महिने दुखू शकतो, म्हणून बाही पूर्ण वर करा. नंतर 15 मिनिटे बसून राहा.

फार्मसीतून लस घेऊन डॉक्टरांकडे नेणार असाल तर ती 2 ते 8 अंशांत राहिली पाहिजे. बर्फावर थेट ठेवू नका: गोठलेली लस टाकून द्यावी लागते. जेल पॅक कापडात गुंडाळा, खोका त्याला चिकटू देऊ नका, आणि वाटेत दुसरी कामे न उरकता थेट जा. ताप असेल तर डॉक्टरांना विचारून पुढची तारीख घ्या. संरक्षण तयार व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात, तेव्हा पहिली सर येण्याची वाट पाहू नका.